दुखणं गळ्याचं, पत्ता पोटाचा

लॅबमध्ये दोनच गोष्टी साचतात. रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या महिन्याला भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही. ते डोक्यातच राहतात आणि लग्नाच्या पंगतीत वाढपी नेमका मठ्ठा घेऊन आला की बाहेर पडतात. माझी मुलं ओरडतात, "आई, जेवताना नको!" आता मी काय करू? माझी अख्खी नोकरीच जेवणानंतर काय होतं यावर चालली!

नव्वदच्या दशकात मी राहात्याला एका डॉक्टरांकडे लॅब टेक्निशियन होते. लॅब म्हणजे दवाखान्याच्या मागची एक खोली, प्लायवूडचं पार्टिशन, एक मायक्रोस्कोप आणि एक रक्त फिरवायचं मशीन. ते सुरू केलं की टेबलासकट दाराकडे चालायला लागायचं. आमच्या वस्तीतली डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, झालेली मी पहिली मुलगी. बुद्धविहारात माझा सत्कार ठेवला होता. अध्यक्षांनी माईकवरच विचारलं, "शालनताई, तुमचं काम नेमकं काय, ते जरा समाजाला सांगा." मी सांगितलं. रक्त, लघवी, संडास, सगळं सविस्तर सांगितलं. अध्यक्षांनी माईक परत घेतला आणि म्हणाले, "यानंतर जेवणाचा कार्यक्रम होता, तो अर्धा तास पुढं ढकलण्यात येत आहे."

दवाखान्यात आम्ही तिघं. सर, मी आणि गणपतमामा. मामा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. नंबर लावणं, पट्टी बांधणं, नमुने गोळा करणं सगळं त्यांच्याकडे. पेशंट सरांच्या केबिनमध्ये सोडताना ते म्हणायचे, "चला, आत सरका, दारात थांबू नका!"

आणि सर! सर एमडी होते, हुशार होते, पण त्यांना एक वेड होतं. त्यांचं म्हणणं, गळ्यातली थायरॉईडची गाठ, म्हणजे ग्रंथी, आणि पोटातले जंतू यांचं काहीतरी साटंलोटं आहे. पोट बिघडलेला पेशंट आला की ते त्याचा गळा चाचपायचे आणि गळ्याचा आला की विचारायचे, "पोट साफ होतं का?" आता पेपरात दर रविवारी यावर लेख येतात. तेव्हा मात्र लोक हसायचे. नगरच्या डॉक्टर मंडळींनी तर त्यांचं नाव ठेवलं होतं, 'गळेपडू'!

थायरॉईड हा शब्दच आमच्याकडे नवा होता. शेतकरी मंडळी सरळ 'टायरॉड' म्हणायची. टायरॉड ट्रॅक्टरला असतो आणि तो गेला की ट्रॅक्टर वळत नाही, हे सगळ्यांना माहीत. एकदा एक बागायतदार बायकोला घेऊन आले आणि म्हणाले, "सायेब, मंडळीचा टायरॉड गेलाय. सरळ जाती, पन सांगितल्यालं वळत न्हाई!"

सर म्हणाले, "तो लग्नातच जातो. पुढं बोला."

*

थायरॉईडचं रक्त तपासायची सोय आमच्याकडे नव्हती. आठवड्यातून दोनदा नमुने बर्फाच्या थर्मासात घालून पुण्याला पाठवायचो. मामा थर्मास घेऊन स्टँडवर जायचे, पुण्याच्या गाडीच्या कंडक्टरच्या ताब्यात द्यायचे, पुण्यात लॅबचा माणूस उतरवून घ्यायचा. मामांची सगळ्या कंडक्टरांशी ओळख, त्यामुळे कोणी काही विचारत नसे.

एके दिवशी कंडक्टर नवा निघाला.

"यात काय हाय?"

"रगत," मामा म्हणाले.

"कशाचं रगत?"

"गळ्याचं."

कंडक्टरनं शिट्टी मारली. गाडी थांबली. पुढच्या दोन रांगा पटापट खाली उतरल्या. चौकीतला हवालदार धावत आला आणि त्यानं मामांची कॉलर धरली. "गळ्याचं रक्त? कुणाचा गळा?"

आता मामांनी शांतपणे सांगायचं ना, की तपासणीचं आहे, डॉक्टरांनी पाठवलंय! पण मामांना राग आला होता. तीस वर्षं ज्या स्टँडवर रुबाबात मिरवले, तिथंच कॉलर धरलेली. त्यांनी खिशातून नावांची यादी काढली आणि हवालदाराच्या नाकासमोर नाचवली.

"कुनाचा म्हनून काय इचारता? एकीचा न्हाई, पाच जनींचा हाय!"

निरोप आल्यावर मी सरांची चिठ्ठी घेऊन स्टँडवर पळाले. पाऊण तास गाडी अडकली होती. हवालदारानं चिठ्ठी दोनदा वाचली, सगळ्यांना गाडीत बसवलं आणि मला हळूच बाजूला घेतलं.

"ताई, तुमच्या डॉक्टरांना गळ्यावरनं पोटाचं कळतं म्हणे? माझं दोन महिने साफ नाही."

*

नमुना कशात आणायचा यावर लोकांची प्रतिभा फुलून यायची. आम्ही डबी द्यायचो, पण डबी लोकांना लहान वाटायची. काडेपेटी, पावडरचा डबा, पोरांचा जुना टिफिन, सगळं मी पाहिलंय. आणि शिर्डी जवळ, त्यामुळे आमच्या भागात घराघरात पेढ्यांचे रिकामे खोके.

एका सकाळी मी आले तर टेबलावर दोन खोके. एकाच दुकानाचे, दोन्हींना तोच लाल दोरा. मामांनी सांगितलं, "एक बऱ्या झालेल्या पेशंटनं आनलाय, पेढे हायेत. दुसरा तपासायला हाय."

"कुठला कुठला?"

मामांनी दोन्हींकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आत्ता हुतं ध्यानात."

उघडून बघायचं तर उघडणार कोण? मी म्हटलं, मामा तुम्ही ठेवलेत, तुम्ही उघडा. मामा म्हणाले, "तुमचं शिक्षन झालंय त्याच्यात." सरांना विचारलं. सर म्हणाले, "वजन करा." दोन्हींचं वजन सारखं! नमुना म्हणून पाव किलो आणणाऱ्या त्या गृहस्थाला माझा आजही नमस्कार आहे.

शेवटी मामांनी युक्ती काढली. खोके खिडकीत ठेवायचे. मुंग्या लागतील तो पेढा. मला पटलं, सरांनाही पटलं.

दुपारपर्यंत मुंग्या लागल्या.

दोन्हींना!

*

सरांचा दह्यावर फार विश्वास. गोळी लिहून दिली की खाली लिहायचे, 'रोज एक वाटी ताजं दही'. बाजारपेठेत किराण्याचं दुकान असलेले एक शेठ होते. पाणी गाळून पिणारे, सूर्य मावळला की तोंडात काही न घालणारे, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाणारे. त्यांना थायरॉईड निघाला आणि पोट तर आठवडा-आठवडा साफ नाही.

शेठनी विचारलं, "गळ्याला दही कशाला?"

सरांचा उत्साह हाच त्यांचा शत्रू. "या, दाखवतो!" म्हणून शेठना लॅबमध्ये घेऊन आले. मला म्हणाले, शालन, दह्याचा थेंब लाव. मी माझ्या डब्यातल्या दह्याचा थेंब काचेवर घेतला, फोकस केला. शेठनी एक डोळा मिटून आत पाहिलं.

"ह्या बारीक काड्या कसल्या?"

"जंतू!" सर आनंदानं म्हणाले. "जिवंत आहेत!"

शेठ मायक्रोस्कोपपासून मागे सरकले ते थेट पार्टिशनवर जाऊन आदळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. "साठ वर्षं मी दही खातोय डॉक्टर. तुम्ही आज माझं सगळं पुण्य धुऊन टाकलं." आणि टोपी सावरत निघून गेले.

सरांना फार वाईट वाटलं. दोन दिवस ते कोणाला दही लिहून देईनात. शेठनी दही सोडलं, ताक सोडलं, कढी सोडली अशा बातम्या बाजारातून यायच्या. तिसऱ्या दिवशी स्वतः शेठच आले. झोप झालेली दिसत नव्हती.

"डॉक्टर, खरं सांगा. ते पोटात गेल्यावर मरतात का?"

सरांनी विचार करून सांगितलं, "काही मरतात. पण पुष्कळ जगतात. पोटात ऊब आहे, खायला आहे. आधीच तिथं त्यांची मोठी वस्ती असते."

"पोरंबाळं होतात?"

"भरपूर!"

शेठनी खुर्चीत बसून घेतलं, घाम पुसला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसले.

"मग हिंसा कशी? हे तर भाडेकरू ठेवल्यासारखं झालं!"

*

थायरॉईडच्या गोळीची एकच अट. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, नुसत्या पाण्याबरोबर. पाकिटावर मी स्वतः मोठ्या अक्षरात लिहायचे, 'उपाशीपोटी'. माझं अक्षर सुंदर, सगळे वाचू शकतील असं.

अस्तगावच्या एक मावशी होत्या. गोळी सुरू करून वर्ष झालं तरी रिपोर्ट जिथल्या तिथं. सरांनी पोट तपासलं, जीभ पाहिली, दही-ताक चौकशी झाली. मावशींचं म्हणणं, गोळी अगदी नेमानं घेते, एकदाही चुकवली नाही.

"उपाशीपोटी ना?"

"व्हय तर! तुमी लिव्हलंय ना. एकादशीला घेती, चतुर्थीला घेती, सोमवारी घेती."

सरांच्या हातातलं पेन थांबलं. "आणि इतर दिवशी?"

"इतर दिशी मी उपाशी कुठं आस्ती?"

मी माझ्या सुंदर अक्षराकडे बघत होते. मावशींना वाटलं, डॉक्टरांना वाईट वाटलं. म्हणून त्यांनी सरांची समजूत काढली.

"पर डाकटर, श्रावनात लई बरं वाटतं बघा! आंग हलकं, पोट साफ, दिवसा झोप न्हाई की काय न्हाई. महिनाभर रोजचा उपास आस्तोय ना माझा. देवाची किरपा, दुसरं काय!"

*

पण सगळेच किस्से असे सरळ नव्हते. सुलभाबाई नावाच्या एक प्राथमिक शिक्षिका होत्या. त्यांच्यावेळी आम्ही तिघंही हसायचं विसरलो होतो.

बाईंचा थायरॉईड कमी. आवाज इतका बसला होता की पहिलीच्या वर्गात कविता म्हणायला लागल्या की मुलं घाबरायची. शाळा तपासणीला साहेब आले आणि बाई खुर्चीत झोपलेल्या. त्यांना लेखी जाब विचारला गेला. सरांनी गोळी दिली, वाढवली, परत वाढवली. रिपोर्ट हलेना. बाई रडायच्या आणि म्हणायच्या, "सर, मी गोळी टाकून देते असं वाटतं का तुम्हाला?" खरं सांगायचं तर सरांना तसंच वाटत होतं.

त्यांचे मिस्टर ग्रामसेवक. गावात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. ते एकदा सरळच म्हणाले, "डॉक्टर, तुमचं नाव ऐकून आलो होतो. आता पुण्याला नेतो आणि हिला राजीनामा द्यायला लावतो. लोक हसतात."

त्या दिवशी रक्त घेताना बाईंनी मला हळूच विचारलं, "शालनताई, एक सांगू? सरांना सांगायची लाज वाटते. मला रोज चार-पाच वेळा जावं लागतं. पातळ. आणि ढेकर असे येतात, नासक्या अंड्यासारखे. आमच्या घरात तर अंडं येतही नाही."

मी सुई काढली आणि तशीच सरांकडे गेले. सर ऐकून उठूनच उभे राहिले. "थायरॉईड कमी असला तर पोट घट्ट पाहिजे! हिचं उलटं कसं? शालन, स्टूल टेस्ट!"

भाऊसाहेब लालबुंद झाले. "गळ्याचा आजार आणि तुम्ही संडास तपासणार? माझी मिसेस शिक्षिका आहे. ती डबी घेऊन गावातून चालत येणार नाही!"

"मग तुम्ही आणा," सर म्हणाले.

आणि त्यांनी आणली! दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब सफारी घालून, हातात ब्रीफकेस घेऊन हजर. डबी पेपरात, पेपर पिशवीत, पिशवी ब्रीफकेसमध्ये आणि ब्रीफकेसला नंबरचं कुलूप. घाईत आणि लाजेत त्यांना नंबरच आठवेना! बाकावर वीस पेशंट, मध्ये भाऊसाहेब ब्रीफकेस मांडीवर घेऊन चक्र फिरवतायत. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "भाऊसायेब, माझ्या घरकुलाचे कागद हायेत का त्यात?"

"आहेत, आहेत," भाऊसाहेब म्हणाले, "मंजुरीला आणलेत!"

शेवटी मामांनी स्क्रू-ड्रायव्हरनं कुलूप उचकटलं.

पहिल्याच काचेवर मला ते जंतू दिसले. पतंगासारखा आकार, वर दोन डोळे, जसं काही आपल्याकडेच टक लावून बघतायत. एक-दोन नव्हे, यात्रा भरली होती. शाळेच्या टाकीतलं पाणी प्यायच्या बाई, तिथून आले असणार. सरांनी काचेत पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली ती आजही जाणवते. जंतूंनी आतड्याचं अस्तर सुजवलेलं, त्यामुळे गोळी पोटात जात होती, पण रक्तात उतरत नव्हती. आठवडाभर जंतूंचं औषध दिलं. गोळी तीच ठेवली.

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. नॉर्मल! बाई स्वतः पेढे घेऊन आल्या, आणि आल्या आल्या दारातून हाक मारली, "शालनताई!" बाईंचा आवाज एवढा गोड आहे हे मला तेव्हा कळलं.

भाऊसाहेब मात्र हिशेब लावत बसले होते. "म्हणजे वर्षभर मी आणलेल्या गोळ्या हिच्या उपयोगी पडल्याच नाहीत? ते जंतूच खात होते?"

सर समजावून सांगणार, एवढ्यात मागून मामा म्हणाले, "मग त्यांचा टायरॉड येकदम नॉर्मल आसंल!"

*

सरांच्या डोक्यात आलं की भंडारदऱ्याकडच्या वाड्यांवर जाऊन लोकांचे गळे बघायचे. आम्ही तिघं जीपनं निघालो. पाण्यातूनच सगळे जंतू पोटात जातात, म्हणून सरांनी राहात्याहून उकळून, गाळून, पुन्हा उकळून दोन कॅन पाणी बरोबर घेतलं होतं. मलाही दोन दिवस तेच प्यायला लावलं. मामांनी ऐकलं नाही. जिथं झरा दिसेल तिथं पालथे पडून ओंजळीनं प्यायचे. सर प्रत्येक वेळी म्हणायचे, "मामा, हा निसर्ग नाही, हा रोग आहे!"

गळे पाहिले. लोक फार चांगले होते. एका म्हातारबाबांच्या गळ्याला नारळाएवढी गाठ. सर म्हणाले, बाबा, ऑपरेशन करून काढून टाकू. बाबा म्हणाले, "आन मग मला वळकंल कोन? बाजारात सगळी मला गाठीवालाच म्हनत्यात. निस्ता म्हातारा तर कुनीबी आसतो."

परत आलो आणि तिसऱ्या दिवशी सर दवाखान्यात येईनात. आले तेव्हा भिंतीला धरून आले. त्यांनी हुकूम काढला, तिघांचेही नमुने तपासायचे. डब्यांवर नाव नको, फक्त एक, दोन, तीन. शास्त्रात भेदभाव नको.

मी तपासले. एक नंबर बरा. दोन नंबर स्वच्छ, अगदी आरशासारखा. तीन नंबरमध्ये मात्र मला पुस्तकात पाहिलेलं सगळं एकाच काचेवर सापडलं. मी खूश होऊन सरांना सांगायला गेले, "सर, तीन नंबर बघाच! कॉलेजला शिकवायला ठेवता येईल!"

सर क्षीण आवाजात म्हणाले, "तीन मी आहे."

उकळलेलं पाणी पिणाऱ्या सरांनी रेस्ट हाउसवर काकडी नळाखाली धुऊन खाल्ली होती! आणि दोन नंबर निघाले मामा. झऱ्यावर पालथे पडणारे मामा!

सरांना ते सहनच होईना. "मामा, तुम्ही घरी खाता तरी काय?"

"शिळी भाकर आन ताक."

"मग तुम्हाला जंतू कसे नाही झाले?"

मामांनी पोटावरून हात फिरवला. "सायेब, आत माझे जुनेच इतके भरल्यात, उभं ऱ्हायला जागा न्हाई. नव्यांनी मागच्या गाडीनं यावं!"

*

आता हा शेवटचा. हा मी फारसा कोणाला सांगत नाही.

पुणतांब्याहून एक यमुनाबाई आल्या. पन्नाशीच्या, अंगानं जाड, आवाज घोगरा. बरोबर सून, मंगल. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. यमुनाबाईंनी खुर्चीत बसायच्या आधीच सुरुवात केली.

"डाकटर, हिला बघा. ही झोपती. भाकरी थापता थापता झोपती. परवा तवा जळाला. आठ-आठ दिस परसाकडंला जात न्हाई. उन्हाळ्यात सोटर घालती. येत्या रईवारी हिला म्हायेरी घालवायचं ठरलंय, कायमचं. त्याच्या आधी येकदा दाखवावं म्हनलं. उद्या कुनी नाव ठेवाय नगं."

मंगल खाली बघत होती आणि तिचा चेहरा सुजलेला होता.

सरांनी नाडी पाहिली, गळा पाहिला, घोट्यावर हातोडी मारली. पाय हलला, पण इतका सावकाश, की मामा म्हणाले, "लेट सुटली." सर हसले नाहीत. ते यमुनाबाईंकडे बघत होते. वर पंखा चालू होता आणि यमुनाबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च ओढून घेतला होता.

"यमुनाबाई, तुमचं पोट साफ होतं का?"

"माझं कशाला काढता? तीस वरसं झाली, कवा झालंय?"

सरांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. "सून सुईला घाबरतेय. तुम्ही आधी द्या, म्हणजे ती देईल."

मंगल अजिबात घाबरत नव्हती. पण यमुनाबाईंनी हात पुढे केला. मी दोघींचं रक्त घेतलं. सर म्हणाले, रिपोर्ट येईपर्यंत रविवार पुढं ढकला. यमुनाबाई म्हणाल्या, "ढकलते येक. दुसरा न्हाई."

पुढच्या आठवड्यात दोघी आल्या. मंगलचा रिपोर्ट खराब होता. यमुनाबाईंचा त्याहून खराब होता.

सरांनी नीट समजावलं. गळ्यातली ही गाठ काम करेनाशी झाली की माणूस सुजतो, थंडी वाजते, पोट हलत नाही, सारखी झोप येते, मूल राहायला अडचण होते. आळस नाही, आजार आहे. रोज एक गोळी घेतली की बरं वाटतं. दोघींनाही.

यमुनाबाई म्हणाल्या, "म्हंजी मी आळशी न्हवते?"

"नव्हता," सर म्हणाले.

त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, तू रगत बघितलंस ना? मी आळशी न्हवते?"

मी म्हटलं, "नाही हो मावशी."

"लगीन हून आले तवापासनं सासूनं मला म्हस म्हनलं. पान्यात बसलेली म्हस. मी बी तेच मानलं." त्यांनी रिपोर्ट उलटा-सुलटा करून पाहिला. वाचता येत नव्हतं. मग मंगलकडे पाहिलं, आणि पुष्कळ वेळ पाहतच राहिल्या. "ऊठ मंगल. गोळ्या घे. घरी जाऊ."

दारातून त्या परत आल्या. "बाई, रईवारी आमच्याकडं येशील का? हा कागद वाचून दाखवायचा हाय. माझी सासू हाय अजून. बहिरी हाय, मोठ्यानं वाचावं लागंल."

सरांनी मला जा म्हणून खूण केली. रविवारी दुपारी मी एसटीनं पुणतांब्याला गेले. यमुनाबाईंनी सगळी आळी गोळा केली होती. अंगणात बाजेवर सासूबाई बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, मुठीएवढ्या झालेल्या, अंगावर घोंगडी. मंगलनं मला पाणी दिलं आणि ती यमुनाबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली.

मी म्हातारीच्या कानाशी वाकून ओरडले, "आजी! यमुनाबाई आळशी नाहीत! त्यांच्या गळ्यातली गाठ काम करत नाही!"

"काय न्हाई?"

"आळशी नाहीत! आजार आहे! म्हणून झोप येते, म्हणून सूज येते!"

"कोन म्हनतं?"

"रक्तात निघालंय!"

तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा अर्धी आळी माझ्याबरोबर ओरडली. "रगतात निघालंय!"

म्हातारीला कळलं. तिनं माझ्या हातातला कागद घेतला, डोळ्यांजवळ धरला, मांडीवर ठेवला. यमुनाबाई समोर उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून. म्हातारी सुनेकडं बघत राहिली, मग तिच्या मागच्या मंगलकडं.

मग तिनं घोंगडी बाजूला केली, चोळीची बाही वर सरकवली आणि तो काटकीसारखा हात माझ्यापुढं केला.

"माझं बी काढ. मला बी माझी सासू म्हसच म्हनायची."